घरची मोटार, शर्यतीचा ट्रॅक आणि ब्रेकची शाळा

सकाळी सातच्या सुमारास शर्यतीच्या ट्रॅकमागील मोकळ्या आवारात मोटारी येऊन उभ्या राहू लागतात. त्यांत एखाद-दुसरी महागडी स्पोर्ट्स कार असते. पण बऱ्याचशा गाड्या एरवी मालकाला कचेरीत नेणाऱ्या आणि मुलांना शाळेत सोडणाऱ्याच असतात. मालक मंडळी डिकी उघडून सामान बाहेर काढतात. जॅक, छत्र्या, पाण्याच्या बाटल्या, पायाखालच्या मॅट, मुलांची खेळणी असा सगळा संसार गाडीशेजारी ताडपत्रीवर मांडला जातो. वेगात असताना ब्रेक लागला आणि सीटखालून घरंगळत आलेली एखादी बाटली पेडलखाली अडकली, तर पुढचे सारे शिक्षण व्यर्थ ठरायचे.

या उपक्रमाला ‘ट्रॅक डे’ म्हणतात. येथे शर्यत नसते. कोणी पहिला येत नाही, कोणाला करंडक मिळत नाही आणि नवशिक्यांच्या बाबतीत तर घड्याळ लावून वेळ मोजण्यासही बहुतेक आयोजकांची मनाई असते. ठरावीक शुल्क भरून, स्वतःची मोटार घेऊन, बंदिस्त मार्गावर प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली गाडीच्या क्षमतेची ओळख करून घेणे, एवढाच त्याचा हेतू. ब्रिटनमध्ये हा प्रकार ‘ट्रॅक डे’ याच नावाने रुजला. अमेरिकेत मोटारमालकांच्या क्लबांनी त्याला अधिक शिस्तबद्ध रूप दिले आणि ‘हाय परफॉर्मन्स ड्रायव्हर एज्युकेशन’ असे भारदस्त नावही दिले. जर्मनीतील न्युरबर्गरिंगचा सुमारे २१ किलोमीटरचा जुना मार्ग ठरावीक वेळी टोल भरणाऱ्या कोणासही खुला असतो. मात्र तेथे कायद्याने सार्वजनिक रस्त्याचेच नियम लागू होतात. तेथे प्रशिक्षक नसतो आणि चूक झाली तर मोडलेल्या कठड्याचे बिलही चालकाच्या नावावर येते. नवशिक्याने आरंभ तेथून करू नये, हे जाणकारांचे मत योग्यच म्हणावे लागेल.

शर्यतपटूंची शाळा, क्लबांची शाळा

वेगाने मोटार चालवणे ही अंगभूत देणगी आहे, असा समज दीर्घकाळ होता. त्याला छेद देणाऱ्यांत इटलीचा पिएरो तारुफी याचे नाव अगत्याने घ्यावे लागेल. तारुफी शिक्षणाने अभियंता होता. १९५७ साली मिले मिलिया ही प्रख्यात शर्यत त्याने जिंकली, आणि वळणातील वेग, त्रिज्या व पकड यांचे गणित मांडणारा ‘द टेक्निक ऑफ मोटर रेसिंग’ हा ग्रंथही लिहिला. अमेरिकेत बॉब बॉन्डुरंट या शर्यतपटूला १९६७ मध्ये वॉटकिन्स ग्लेन येथे भीषण अपघात झाला. स्टीअरिंगचा सांधा तुटल्याने गाडीवर त्याचा ताबा उरला नव्हता. अंथरुणाला खिळलेल्या काळात त्याने शिकवण्याची योजना आखली आणि १९६८ मध्ये शाळा काढली. अभिनेता पॉल न्यूमन ‘विनिंग’ या चित्रपटासाठी त्याच्याचकडे गाडी चालवायला शिकला आणि पुढे खराखुरा शर्यतपटू झाला.

अशा व्यावसायिक शाळांत गाडी शाळेची असते. ती ट्रॅकसाठीच सिद्ध केलेली असते. ती बिघडली तर दुरुस्त करणारे तंत्रज्ञ असतात आणि संध्याकाळी विद्यार्थी तिची किल्ली परत करून मोकळा होतो. क्लबांच्या शाळेत तसे नसते. तेथे गाडी आपलीच आणि परतीचा प्रवासही तिच्यातूनच करायचा असतो. ही अडचण खरी, पण या शिक्षणाचे सामर्थ्यही त्यातच आहे. उसन्या गाडीवर मिळवलेले ज्ञान त्या गाडीबरोबर मागे राहण्याची भीती असते. जी गाडी उद्या सकाळी पावसात, रहदारीत चालवायची आहे, तिचा ब्रेक किती अंतरात लागतो, तिचे पुढचे टायर कधी कुरकुरतात आणि मागचे कधी सुटतात, हे ज्ञान मात्र नित्य उपयोगी पडणारे असते.

पहिला धडा ब्रेकचा

नवशिका येतो तो वेगाच्या ओढीने, आणि त्याला पहिल्या तासात शिकवले जाते थांबायला. हा विरोधाभास वाटला तरी त्यामागे कारण आहे. सर्वसामान्य चालकाने आयुष्यात कधीही ब्रेकचे पेडल पूर्ण ताकदीने दाबलेले नसते. मर्सिडीज-बेंझ कंपनीला आपल्या चाचण्यांत असे आढळले होते, की संकटाच्या क्षणी बहुसंख्य चालक ब्रेक वेळेवर लावतात, पण पुरेसा जोराने लावत नाहीत. त्यातूनच चालकाची घाई ओळखून पूर्ण दाब देणारी ‘ब्रेक असिस्ट’ यंत्रणा १९९६ मध्ये बाजारात आली.

साध्या आकड्यांतून याचे गांभीर्य कळते. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार कोरड्या डांबरी रस्त्यावर चांगल्या टायरांची जवळजवळ सगळी पकड वापरून थांबवली, तर ती सुमारे ४४ मीटरमध्ये थांबते. निम्म्याच जोराने ब्रेक लावला तर हेच अंतर ८८ मीटर होते. चाळीसेक मीटरचा हा फरक यंत्राचा नसतो, पायाचा असतो.

यात एबीएस यंत्रणेची एक गंमत आहे. चाक जागच्या जागी अडकून घसरू नये म्हणून ही यंत्रणा ब्रेकचा दाब सेकंदाला अनेकदा सोडते व पुन्हा देते. तेव्हा पेडल पायाखाली थरथरते आणि खालून खरखर असा आवाज येतो. एप्रिल २०१९ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे झाले असले, तरी ही थरथर प्रत्यक्ष अनुभवलेले चालक फार थोडे. ती पहिल्यांदा जाणवली की काहीतरी मोडले असे वाटून पाय आपोआप उचलला जातो. म्हणजे यंत्रणा काम करू लागते नेमक्या त्याच क्षणी चालक तिला काम करू देत नाही. म्हणून ट्रॅक डेच्या सकाळी मोकळ्या जागेत शंकू मांडून हाच सराव पुन:पुन्हा करून घेतला जातो. वेग घ्यायचा, शंकूपाशी पूर्ण ताकदीने पेडल दाबायचे, थरथर सुरू झाली तरी पाय तसाच ठेवायचा आणि स्टीअरिंग वळवून समोरचा शंकू चुकवायचा. ज्या दिवशी एखादे मूल चेंडूमागे रस्त्यावर धावत येईल, त्या दिवसासाठी हा अर्धा तास संपूर्ण शुल्काइतका मोलाचा आहे.

वळणाचे गणित

ट्रॅकवर वळणापूर्वी, वळणात आतल्या कडेला आणि वळण संपताना असे तीन शंकू ठेवलेले असतात. पहिल्याशी स्टीअरिंग वळवायला आरंभ करायचा, दुसऱ्याला, म्हणजे ‘एपेक्स’ला, आतून स्पर्श केल्यासारखे जायचे आणि तिसऱ्याशी रस्त्याच्या बाहेरच्या कडेला पोहोचायचे. असे केल्याने रस्त्याची सारी रुंदी वापरली जाते आणि वळणाची त्रिज्या वाढते. वळणातील कमाल वेग त्रिज्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. ५० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ७५ किलोमीटरच्या आसपास सुटणारी मोटार, वाट बदलून तीच त्रिज्या ६० मीटर केली तर ८२-८३ पर्यंत टिकते. इंजिनात काही बदल केला नाही, टायर तेच, रस्ता तोच. केवळ वाट निराळी.

तथापि नवशिक्याला शिकवली जाते ती भूमितीतील आदर्श वाट नव्हे. त्याला एपेक्स थोडा उशिरा घ्यायला सांगतात. वळणात घाईने शिरणाऱ्याला आतला शंकू लवकर भेटतो आणि मग बाहेर पडताना रस्ता अपुरा पडतो. ट्रॅकवरील नवशिक्यांच्या घसरण्यामागे बहुधा हीच चूक असते. प्रत्यक्ष घसरणे वळणाच्या शेवटी दिसते, पण चूक वळणाच्या तोंडाशीच झालेली असते. उशिरा वळल्यास सुरुवातीला थोडा वेग सोडावा लागतो, पण निघताना जागा उरते. शिरताना सावकाश आणि निघताना वेगाने, हा नियम घाटातील जुन्या एसटी चालकांनाही परका नाही. मात्र ट्रॅकवर रस्त्याची पूर्ण रुंदी वापरता येते, कारण समोरून कोणी येणार नसते. घाटात आपल्या बाजूची पट्टी सोडणे म्हणजे दुसऱ्याच्या प्राणावर जुगार खेळणे होय.

वजनाची ये-जा

यापुढचा भाग सर्वांत नाजूक. मोटारीचे वजन चार चाकांवर स्थिर वाटले गेलेले नसते. चालकाच्या पायाबरोबर ते पुढेमागे सरकते. बाराशे किलो वजनाची, पुढे इंजिन असलेली मोटार घेऊ. उभी असताना तिच्या पुढच्या चाकांवर साधारण ७२० आणि मागच्या चाकांवर ४८० किलोचा भार असतो. जोरदार ब्रेक लागताच सुमारे दोनशे किलोंहून अधिक भार पुढे जातो; पुढे नऊशेच्या वर आणि मागे जेमतेम पावणेतीनशे. चाकावर भार अधिक, तर पकड अधिक. म्हणजेच ब्रेक लागलेला असताना पुढची चाके रस्ता घट्ट धरतात आणि मागची अगदी अलगद टेकलेली असतात.

आता वळणाच्या मध्यावर चालकाला भीती वाटली आणि त्याने ॲक्सिलरेटरवरून पाय एकदम काढला, तर काय होईल? भार पुढे जातो, मागची चाके हलकी होतात आणि गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जातो. भीतीची ही स्वाभाविक प्रतिक्रिया वळणात नेमकी उलट ठरते. ती बुद्धीला पटवून भागत नाही. पायाला पटावी लागते, आणि त्यासाठी दिवसभराचा सराव हवा. त्यामुळेच, वेग अधिक झाला असे वाटले तर तो वळणापूर्वी सरळ रस्त्यावर कमी करावा आणि वळणात पाय स्थिर ठेवावा, हे पहिल्या वर्गातच बजावले जाते.

भारतातील बहुतेक लहान मोटारी पुढच्या चाकांवर चालतात. त्यांच्या बाबतीत नवशिक्याला अधिक भेटणारी व्याधी म्हणजे गाडी वळायचे नाकारते आणि नाक सरळ रेषेत जात राहते. अशा वेळी हात आणखी स्टीअरिंग फिरवू पाहतात. पुढच्या टायरांची पकड आधीच संपलेली असताना त्यांच्याकडून अधिक मागितले की ती आणखी कमी होते. उपाय उलटा आहे: स्टीअरिंग किंचित मोकळे करायचे, ॲक्सिलरेटर हळूहळू सैल करायचा आणि टायर पुन्हा रस्ता पकडेपर्यंत धीर धरायचा.

टायरची पकड ही महिन्याच्या पगारासारखी आहे. ती ब्रेकवर खर्च करता येते, वळण्यावर खर्च करता येते किंवा दोहोंत वाटता येते; एकूण रक्कम वाढत नाही. मात्र हा हिशेब साध्या वजाबाकीचा नसून वर्तुळाचा आहे. पकडीचा ७० टक्के वाटा ब्रेकने घेतला तरी वळण्यासाठी सुमारे ७० टक्के शिल्लक राहतो. परंतु ब्रेकने ९० टक्के घेतला तर वळण्यासाठी उरतात जेमतेम ४४. निष्णात चालक ब्रेक हळूहळू सोडत वळणात शिरतात ते या वर्तुळाच्या कडेने चालण्यासाठी. नवशिक्याने मात्र ब्रेकचे काम सरळ रस्त्यावर पूर्ण करावे आणि मगच स्टीअरिंगला हात घालावा.

शेजारच्या सीटवरील माणूस

अमेरिकी क्लबांतील प्रशिक्षक बहुधा स्वयंसेवक असतात. पेशाने डॉक्टर, अभियंता, मेकॅनिक असलेली ही माणसे अनोळखी माणसाच्या अनोळखी गाडीत बसतात. त्यांच्या पायापाशी ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत असतो तसा दुसरा ब्रेक नसतो. हाताशी असतो तो केवळ आवाज, आणि तोही हेल्मेटमधील यंत्रातून पोहोचणारा. त्यामुळे वाक्ये तुटक असतात: ‘ब्रेक, ब्रेक, अजून, आता सोडा, थांबा, अजून नाही, आता वळा, नजर वर.’

या साऱ्यांत ‘नजर वर’ ही सूचना सर्वाधिक वेळा द्यावी लागते. ताशी १५० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे ४२ मीटर पुढे जाते. बॉनेटपुढच्या डांबराकडे पाहणाऱ्याला जे दिसते ते त्याच्या हातून केव्हाच निसटलेले असते. पहिल्या शंकूशी पोहोचण्यापूर्वीच नजर दुसऱ्यावर आणि दुसऱ्याशी पोहोचण्यापूर्वी तिसऱ्यावर जायला हवी. गाडी घसरली की तिच्या रोखाने, म्हणजे कठड्याकडे पाहण्याचा मोह होतो, आणि हात नजरेमागे जातात. जिकडे जायचे तिकडे पाहावे, हे ऐकायला सोपे वाटणारे सूत्र अंगवळणी पडायला सर्वाधिक वेळ लागतो.

वीस ते तीस मिनिटांची फेरी आणि मध्ये वर्ग, अशी दिवसाची रचना असते. नवशिके, मध्यम आणि अनुभवी अशा गटांना आळीपाळीने ट्रॅकवर सोडले जाते. नवशिक्यांच्या गटात पुढे जाण्याचा नियम कडक असतो: फक्त नेमून दिलेल्या सरळ भागात, आणि तेही पुढच्या चालकाने खिडकीतून हात काढून कोणत्या बाजूने जायचे ते दाखवल्यावरच. त्याने हात दाखवला नाही तर मागेच राहायचे. हॉर्न नाही, दिव्यांची उघडझाप नाही. आपल्याकडील महामार्गावरून आलेल्या चालकाला हा शिष्टाचार ट्रॅकहूनही नवलाचा वाटण्याजोगा आहे.

झेंड्यांची भाषा सकाळच्या सभेतच समजावली जाते आणि त्या सभेला गैरहजर राहणाऱ्याला ट्रॅकवर सोडत नाहीत. पिवळा म्हणजे पुढे धोका, पुढे जाण्यास मनाई. काळा म्हणजे पिटमध्ये परत या. लाल म्हणजे सत्र थांबले. लाल झेंड्याला ट्रॅकच्या कडेला उभे राहायचे की सावकाश पिटमध्ये यायचे, हे आयोजकागणिक बदलते. म्हणूनच जुन्या खेळाडूंनाही ती सभा चुकवता येत नाही.

हेल्मेटबाबत अमेरिकेत ‘स्नेल’ संस्थेचे मानक मानले जाते. १९५६ मध्ये शर्यतीत डोक्याला मार बसून मृत्यू पावलेल्या पीट स्नेल या हौशी शर्यतपटूच्या नावाने त्याच्या मित्रांनी ही संस्था स्थापन केली. मोटारशर्यतीच्या हेल्मेटला आगीपासून संरक्षणाची चाचणी द्यावी लागते. दुचाकीच्या हेल्मेटला ती नसते. कोणते हेल्मेट चालेल हे आयोजकाला आधी विचारून घेणे श्रेयस्कर.

गाडीला काय सोसावे लागते

बाराशे किलोची मोटार ताशी १६० किलोमीटरवरून ८० वर आणताना ब्रेकमध्ये जी उष्णता निर्माण होते, तिने सुमारे पावणेतीन लिटर साधे पाणी उकळीला येईल. शहरात असा ब्रेक वर्षात एकदाही लागत नाही. ट्रॅकवर तो एका फेरीत तीन-चार वेळा आणि वीस मिनिटांत तीस-चाळीस वेळा लागतो.

ही उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत पोहोचते. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते, आणि मुंबई-कोकणासारख्या दमट हवेत हे विशेषत्वाने ध्यानात ठेवले पाहिजे. ‘डॉट ४’ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. मानकात धरलेला पाण्याचा अंश, म्हणजे ३.७ टक्के, मिसळला की तो १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकतो. ऑइल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, पण वाफ दाबली जाते. त्यामुळे चालक पेडल दाबतो, ते थेट तळाला टेकते आणि गाडीचा वेग कमी होत नाही. ट्रॅकवर घडू शकणाऱ्या प्रकारांत याहून भयावह काही नाही. तो टाळण्याचा खर्च मात्र एका ऑइलच्या डब्याचा आणि गॅरेजमधील तासाभराच्या कामाचा आहे. ट्रॅक डेपूर्वी ब्रेक ऑइल बदलणे आणि ब्रेक पॅडची जाडी तपासणे या दोन गोष्टींत काटकसर करू नये.

टायरमधील हवाही तापते. २५ अंशांना ३२ पौंड भरलेली हवा ७५ अंशांना चाळीस पौंडांच्या घरात जाते. फुगलेल्या टायरचा मधलाच भाग रस्त्याला टेकतो आणि पकड घटते, म्हणून फेऱ्यांच्या दरम्यान थोडी हवा सोडतात. टायरच्या कडेवर खडूने रेघ मारून ती कुठवर पुसली जाते हे पाहण्याची जुनी युक्ती आजही चालते. याशिवाय चाकांचे नट टॉर्क पान्याने आवळणे, बॅटरी घट्ट बसवलेली असणे, तेलाची वा पाण्याची गळती नसणे, या गोष्टी सकाळच्या तपासणीत पाहिल्या जातात. तपासनीसाने गाडी नाकारली तर वाद घालू नये. तो चालकाचाच जीव वाचवत असतो.

फेरी संपताना शेवटचा वळसा ब्रेक न लावता सावकाश घ्यायचा, म्हणजे वाऱ्याने ब्रेक थंड होतात. गाडी उभी केल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही. तापलेल्या तबकडीला पॅड चिकटण्याची शक्यता असते. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावणे पुरेसे.

विम्याचा प्रश्न

याविषयी प्रवेशअर्ज भरण्यापूर्वीच स्पष्टता हवी. भारतातील मोटार विमा पॉलिसीत वापराच्या मर्यादा नमूद असतात. संघटित शर्यत, वेगाची चाचणी, पेस मेकिंग आणि विश्वासार्हता चाचणी यांसाठी गाडीचा वापर त्यात अंतर्भूत नसतो. आपण शर्यतीत नव्हतो, शिकत होतो, हा युक्तिवाद विमा कंपनीपुढे टिकेल अशी आशा धरून ट्रॅकवर उतरू नये. अमेरिकेत एका दिवसापुरता स्वतंत्र विमा विकत मिळतो. तशी सोय नसेल, तर गाडी पूर्णपणे मोडली तर तो तोटा आपल्याला सोसवेल का, असा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा. ज्या गाडीचे कर्जाचे हप्ते अजून चालू आहेत, तिच्याबाबत उत्तर बहुधा नकारार्थी असेल. शिवाय आयोजक दायित्व नाकारणाऱ्या कागदावर सही घेतात, ती वाचूनच करावी.

महाराष्ट्रातून जायचे तर

भारतातील मोटार शर्यतींचे माहेर दक्षिणेत आहे. चेन्नईजवळ शोलावरम येथील युद्धकालीन धावपट्टीवर अनेक वर्षे शर्यती होत. पुढे मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे सुमारे ३.७ किलोमीटरचा कायमस्वरूपी ट्रॅक उभारला. तो १९९० मध्ये सुरू झाला. कोइम्बतूरजवळचा कारी मोटर स्पीडवे त्याहून लहान, दोन किलोमीटरहून थोडा अधिक; हौशी शर्यतपटू व मोटारींचे रचनाकार एस. करिवर्धन यांचे नाव त्याला दिलेले आहे. ग्रेटर नॉयडातील बुद्ध इंटरनॅशनल सर्किट पाच किलोमीटरहून किंचित लांब आहे. तेथे २०११ ते २०१३ या तीन वर्षांत फॉर्म्युला वन आणि २०२३ मध्ये मोटोजीपी शर्यत झाली. त्याचा सर्वांत लांब सरळ भाग एक किलोमीटरहून मोठा आहे. असा सरळ रस्ता पाहून नवशिक्याला मोह होतो, पण त्याच्या शेवटी ब्रेकवर किती ताण येईल हे वर सांगितलेच आहे. शिकण्यासाठी लहान आणि कमी वेगाचा ट्रॅक अधिक बरा.

मुंबई-पुण्याच्या हौशी चालकाला वर्षानुवर्षे यासाठी दूर जावे लागत आले आहे. मुंबई ते चेन्नई अंतरच सुमारे तेराशे किलोमीटर. स्वतःची गाडी न्यायची म्हणजे जाताना दोन दिवस, येताना दोन दिवस आणि ट्रॅकवर झिजलेल्या टायरांवर परतीचा प्रवास. त्यामुळे काही जण सार्वजनिक रस्त्यांनाच ट्रॅक मानू लागतात. रात्रीचे उड्डाणपूल, पहाटेचा द्रुतगती मार्ग, लोणावळ्याचा घाट यांवर हे प्रकार घडतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावणे वा वेगाची चाचणी घेणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद वा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. परंतु दंडापेक्षा मोठा फरक असा, की ट्रॅकवर चुकलेल्या गाडीपुढे मोकळी माती, टायरांच्या भिंती आणि सज्ज रुग्णवाहिका असते. द्रुतगती मार्गावर तिच्यापुढे कोणाचे तरी कुटुंब असते.

कौशल्य वाढले, सुरक्षितता?

ट्रॅक डेचे पुरस्कर्ते असा दावा करतात, की या शिक्षणाने रस्त्यावरील अपघात कमी होतात. हा दावा तपासून पाहिला पाहिजे. अमेरिकेतील विल्यम्स आणि ओ’नील या संशोधकांनी १९७४ मध्ये परवानाधारक शर्यतपटूंच्या सार्वजनिक रस्त्यांवरील नोंदी सर्वसामान्य चालकांच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. शर्यतपटूंच्या नावावर वेगमर्यादेचे भंग आणि अपघात अधिक आढळले. नॉर्वेत नवचालकांना निसरड्या रस्त्यावर गाडी सावरण्याचे प्रशिक्षण सक्तीचे केल्यानंतर, १९८० च्या दशकातील मूल्यमापनात तरुण पुरुषांचे अशा रस्त्यांवरील अपघात घटण्याऐवजी वाढलेले दिसले. घसरलेली गाडी सावरता येते हा विश्वास आला आणि त्या विश्वासाने वेग वाढवला. पुढे तेथील प्रशिक्षणाचा रोखच बदलण्यात आला: गाडी सावरायला शिकवण्याऐवजी ती किती सहज हाताबाहेर जाते, हे अनुभवायला लावण्यावर भर आला.

भारतात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे दगावली, आणि सरकारी अहवालांत अतिवेग हेच प्रमुख कारण म्हणून वर्षानुवर्षे नोंदले जाते. अशा देशात वेगाचे शिक्षण घेणाऱ्याने ही दुसरी बाजू डोळ्यांआड करता कामा नये. ट्रॅकवरील काही सवयी रस्त्यावर जशाच्या तशा उपयोगी आहेत. ब्रेकचा पूर्ण दाब आणि दूरवरची नजर या त्यांपैकी. तिसरी अशी, की दोन चाके डांबराखाली उतरली तर स्टीअरिंगला हिसका न देता, वेग कमी होईपर्यंत सरळ जाऊन मगच सावकाश वर यायचे. आपल्या महामार्गांवर डांबर आणि साईडपट्टी यांत चांगलीच उंच पायरी असते. हिसका दिला तर गाडी उसळून थेट समोरच्या वाहतुकीत शिरते. वळणात कमाल वेग टिकवण्याची कला मात्र ट्रॅकच्या फाटकाबाहेर काही कामाची नाही, कारण कोपऱ्यापलीकडे बैलगाडी आहे की बंद पडलेला ट्रक, हे सांगणारा झेंडेवाला तेथे उभा नसतो.

संध्याकाळी शेवटची फेरी झाली की गाडी निदान अर्धा तास उभी ठेवावी, असे अनुभवी मंडळी सांगतात. तेवढ्या वेळात ब्रेक थंड होतात आणि चालकाच्या डोळ्यांतला वेगही उतरतो. दिवसभर दीडशेची सवय झालेल्या नजरेला ऐंशीचा वेग उभा राहिल्यासारखा भासतो. नट पुन्हा आवळायचे, पॅड पाहायचे, टायरच्या कडा बोटाने चाचपायच्या. तापलेल्या टायरांतून दिवसभरात सोडलेली हवा थंड झाल्यावर कमी पडते, तेव्हा ती मोजून पुन्हा भरायची. मग ताडपत्रीवरचे सामान, मॅट, छत्र्या आणि खेळणी जागच्या जागी ठेवून घरचा रस्ता धरायचा.